खिळ्यावरचा नान

“भिंतीवरचा तो तक्ता अजून आहे का हो, बाई?” गाजराची कोशिंबीर विकणाऱ्या बाईनं सहज विचारावं तसं विचारलं, आणि सुनोकनं उघडून धरलेली पिशवी तशीच हातात राहिली. कुयलुकच्या बाजारात ती चौदा महिने दर रविवारी येत होती. ताश्कंदच्या या टोकाला कोरियन वंशाच्या लोकांची जुनी वस्ती, त्यामुळे बाजारात अख्खी एक ओळ गाजरवाल्यांची. लसूण, धने आणि व्हिनेगर यांचा वास बसमधून उतरल्याउतरल्या नाकात शिरायचा. नेहमीची विक्रेती आज आली नव्हती म्हणून ती दोन गाळे पुढे सरकली, एवढंच. मोडक्या उझबेकमध्ये तिनं गाजर मागितलं तर समोरून कोरियनमध्ये उत्तर आलं, आणि तेही कसलं, पणजीच्या पेटीतून काढलेल्या कपड्यासारखं, घडीच्या खुणा राहिलेलं. सुनोकला इतका आनंद झाला की ती बोलतच सुटली. मी कोरियातल्या गुनसानची, निवृत्त शिक्षिका, दोन वर्षांसाठी आलेय, कालव्याजवळच्या शाळेत पाचवी ते नववीला कोरियन शिकवते, पगार घेत नाही, सेवा म्हणून. ‘सेवा म्हणून’ हे शब्द तिनं जरा सावकाश उच्चारले होते. ते नंतर आठवून तिची कानशिलं तापली. बाई ऐकत होती. कढईतलं कडकडीत तेल तिनं तिखटावर ओतलं, चर्र झालं, धूर विरेपर्यंत थांबली, आणि मग तिनं तक्त्याचं विचारलं.

कुठला तक्ता, असं विचारायचा धीर सुनोकला झाला नाही, कारण कुठला ते तिला पक्कं ठाऊक होतं. भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर हातानं काढलेली कोरियन अक्षरं, तपकिरी शाईत, आणि प्रत्येक अक्षराशेजारी एक रंगवलेलं चित्र. खरबूज, पाळणा, तंदूर, गाढव. आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिनं तो उतरवून तिथे, तिला कोरियातून इथे पाठवणाऱ्या संस्थेनं दिलेला गुळगुळीत छापील तक्ता लावला होता, त्यावर सफरचंद होतं आणि विमान होतं. जुना गुंडाळून कपाटामागे सारला होता. “आहे,” ती म्हणाली. “आहे ना.” बाईनं मान हलवली. तिची बोटं नखांच्या मुळापर्यंत नारिंगी झाली होती. “त्यातल्या गाढवाचे कान बिघडलेत,” ती म्हणाली, “दुरुस्त करीन म्हणता म्हणता राहिलं.” मग सुनोकच्या तोंडून आपोआप निघालं, “तुम्ही क्लारा? क्लारा युगाय? पण तुम्ही तर कोरियाला गेलात ना. मुलाकडे.” बाई हसली. “मुलगा गेलाय. तिकडे कारखान्यात आहे. मी कुठे जाते? सकाळी सातपासून इथेच असते.” आणि वजन झालेल्या गाजरावर तिनं आणखी एक मूठ टाकली, वरची, पाहुणीसाठी.

शाळा तिथून तीन थांब्यांवर. बसमध्ये बसून सुनोक ते तीन थांबे मोजत राहिली, पुन्हा पुन्हा तेच तीन, जणू मोजण्यात चूक झाली असेल आणि चौथ्यांदा मोजल्यावर मध्ये एखादा समुद्र निघेल. मांडीवरच्या पिशवीतून तेल झिरपून स्कर्टला डाग पडला होता आणि तो पुसायचंही तिला सुचत नव्हतं. तिला संताप आला होता, पण कोणाचा ते अजून तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं, आणि तसा बेवारशी संताप अंगात घेऊन गर्दीत बसणं फार कठीण असतं. शेजारच्या म्हातारीनं आपली टोपली जरा तिच्याकडे सरकवली तर ती उगाचच तिच्यावर डाफरली, कोरियनमध्ये. म्हातारीनं “बरं बरं, पोरी” म्हणून टोपली मांडीवर घेतली. एकोणसाठ वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं हे शहर, सगळ्या वाकड्याला गोड बोलून सरळ करणारं. आणि मग तिला तो खिळा आठवला, शिक्षकांच्या खोलीतला, आणि संतापाला आपलं घर सापडलं.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापिका मुकद्दस-ओपांनी तिला त्या खोलीत नेलं होतं. इथे थोरलीला ओपा म्हणतात. सुनोकच्या भाषेत ओपा म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळे पहिला आठवडाभर तिला मनातल्या मनात हसू फुटायचं. मुकद्दस-ओपा रुंद, देखण्या, सोन्याचे दोन दात असलेल्या. त्यांनी तिला चहाच्या टेबलाच्या डोक्याशी बसवलं, आणि तिच्या नेमकं मागे भिंतीला मोठ्या खिळ्यावर दोऱ्यानं टांगलेला एक नान होता. तंदूरमधला गोल, मध्ये नक्षीचे ठसे असलेला, वाळून खडखडीत झालेला, आणि काठाशी एक चावा घेतलेला. मुकद्दस-ओपांनी अभिमानानं सांगितलं होतं की आमच्यात माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की त्याच्यापुढे ताजा नान धरतात; त्यानं एक घास तोडायचा आणि उरलेला नान घरानं जपून ठेवायचा. माणूस परत येतंच, कारण त्याचं अन्न इथे उष्टं राहिलेलं असतं. हा आमच्या क्लाराचा, तुमच्या आधी कोरियन शिकवायची, मुलाकडे गेली, तुमच्याच देशात. सुनोकच्या डोळ्यांत तेव्हा पाणी उभं राहिलं होतं. बहिणीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तिनं तो नान अर्धं पान भरून वर्णन केला होता. चौदा महिने ती एका बाईच्या दातांच्या खुणेखाली बसून चहा प्यायली, जर्दाळू खाल्ले, मुलांच्या खोड्या सांगून हसली, आणि ती बाई तीन थांब्यांवर उभी राहून गाजर किसत होती.

मग एकेक गोष्ट उसवत गेली. आल्यावर चौथ्या महिन्यात झालेला तो नमुना पाठ. संस्थेचे साहेब आले होते, शिक्षण खात्यातले दोघे होते, मागच्या बाकांवर पालक. मुलं अशी काही बोलली की सुनोक स्वतःच चकित झाली. संवाद म्हटले, गाणं म्हटलं, आजीला जेवायला कसं बोलवायचं आणि दुकानदाराशी घासाघीस कशी करायची ते करून दाखवलं. साहेब म्हणाले, चार महिन्यांत हे? आणि ती वाकली, कमरेतून, नीट, शिकवल्यासारखी. त्या वाकण्याचा फोटो मुकद्दस-ओपांच्या खोलीत काचेत आहे. चार महिन्यांत मूल दुकानदाराशी घासाघीस करायला शिकत नाही, हे चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवलेल्या बाईला कळत नव्हतं? कळत होतं. तिनं ते कळणं कपाटामागे सारलं होतं, तक्त्यासारखंच. गुनसानला निवृत्तीच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून तिची कोणाला गरज उरली नव्हती. नवरा गेलेला, मुलगा रविवारी फोन करायचा आणि ‘आणखी काय’ असं तीनदा विचारून ठेवायचा. इथे ती वर्गात शिरली की चाळीस मुलं खाडकन उभी राहत. त्या उभं राहण्याची तिला चटक लागली होती, आणि तिला वाटत होतं की ही सेवा आहे.

सोमवारी पहिल्या तासाआधी तिनं कपाट एकटीनं ओढलं. तक्ता होता. धूळ बसली होती आणि एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. ती खुर्चीवर चढून छापील तक्ता काढत असताना सातवीतली मफ्तुना दप्तर घेऊन दारात आली, नेहमी लवकर येणारी, दोन वेण्यांची, आणि तक्त्याकडे बघून अशी थबकली की सुनोकला पुढचं विचारावंच लागलं नाही. पण तिनं विचारलं. मफ्तुनानं आधी बुटांकडे बघितलं, मग खिडकीकडे. क्लारा-ओपांनी सगळ्या वर्गांना सांगून ठेवलं होतं म्हणे, शेवटच्या दिवशी घरी निघताना, की नव्या बाईंना माझ्याविषयी काही बोलायचं नाही. “त्या पाहुण्या आहेत, म्हणाल्या. पाहुणीला आपण कोणाच्या जागेवर बसलोय असं वाटायला नको.” आणि मग, सुनोकचा चेहरा बघून, घाईघाईनं, “आम्ही कोणीच नाही बोललो, बाई. खरंच. एकदाही नाही.” पाचही वर्गांतल्या मुलांनी चौदा महिने तोंड मिटून ठेवलं होतं, केवळ तिला बरं वाटावं म्हणून. बारा वर्षांच्या पोरीनं तिला असं सांभाळावं याचा सुनोकला इतका राग आला की तिनं खडू उचलला आणि पूर्ण तासभर मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राहिली.

मुकद्दस-ओपांनी मात्र आढेवेढे घेतले नाहीत. चहा ओतला, पियाला अर्धाच भरला, कारण आदराच्या माणसाला अर्धाच भरून पुन्हा पुन्हा देतात, आणि शांतपणे म्हणाल्या की हो, क्लारा कुयलुकला असते, चांगलं चाललंय तिचं. संस्थेची अट होती, भाषा शिकवणारी तुमच्याकडची हवी. क्लाराचं बोलणं त्या साहेबांना जुनाट वाटलं. तुमच्याबरोबर संगणक आले, खोलीला रंग आला, दारावर पाटी आली. आणि दोघींना पुरतील इतके तास शाळेत नव्हते. हे सगळं सुनोकला पटण्यासारखं होतं आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. ती नानाकडे बोट करून म्हणाली, मग हे कशाला? ती कोरियाला गेली हे खोटं कशाला? मुकद्दस-ओपा पहिल्यांदाच जरा गडबडल्या. त्यांनी टेबलावर अंथरलेल्या दस्तरखानाच्या कडेची चुणी सरळ केली. सगळ्यांनी मिळून पुलाव केला होता, म्हणाल्या, क्लारा नेहमीसारखी वेळेवर आली, आज कसला समारंभ म्हणून हसत बसली.

“आणि तिला सांगितलं कोणी?” सुनोकनं विचारलं.

“कोणी नाही सांगितलं. वीस वर्षांपासूनची मैत्रीण माझी. कुठल्या तोंडानं सांगू?” मुकद्दस-ओपा पियाल्यात बघत होत्या. “नान आणला आणि तिच्यापुढे ठेवला. तिला कळलं. थोडा वेळ बघत राहिली, मग घेतला चावा. मुलाचं नाव मीच काढलं, तिला सोपं जावं म्हणून.”

खोलीत ऊन आलं होतं. सुनोकला एकदम ते दृश्य समोर दिसलं, त्याच टेबलाशी, त्याच बाजूला: पुलावाची परात, सगळ्यांचे खाली गेलेले डोळे, आणि ती बाई, जिचे आजीआजोबा सरकारनं मालगाडीच्या डब्यात घालून एकदा या मुलखात आणून टाकलेले, जिला आणखी कुठे जायचं नव्हतं, ती आपल्याच घरातून निघण्याचा घास दातांनी तोडते आहे. जो नान परत बोलावण्यासाठी असतो तो त्यांनी हाकलण्यासाठी वापरला आणि वर तो खिळ्यावर टांगून त्याच्याकडे बघत हळहळत राहिले. नोटीस तरी बरी असते, फाडता येते. सुनोक आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. ती एवढंच म्हणाली की मी जाते, दहा महिने राहिलेत, ते मी करणार नाही. आणि हे बोलताना तिला नुकती उभी राहिलेली चाळीस मुलं दिसली, आणि गुनसानचं ते घड्याळ दिसलं, आणि ती जाणार नसती तर बरं झालं असतं असं तिला मनापासून वाटलं.

पुढचे तीन आठवडे सगळ्यांनी तिची समजूत काढली. संस्थेच्या साहेबांनी फोनवर हळुवार आवाजात सांगितलं की लवकर परतणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, पण प्रकृतीचं कारण लिहिलंत तर मिळेल. तुमच्या वयाला शोभेलही. आणि काळजी करू नका, आमच्याकडे नावं आहेत, महिन्याभरात दुसरी बाई पाठवू. इथेच तर खरी मेख होती. ती नुसती उठून गेली असती तर त्या खुर्चीवर तिच्यासारखीच आणखी एक येऊन बसली असती, नानाची गोष्ट ऐकून डोळे पुसायला. मुकद्दस-ओपाही म्हणाल्या, प्रकृतीचं लिहा, सगळ्यांचं भलं होईल. त्यांनी तर तिच्यासाठी ओळखीच्या डॉक्टरची वेळही घेऊन ठेवली होती. सुनोकची प्रकृती ठणठणीत होती आणि या वयात ती एकच गोष्ट तिच्या अभिमानाची उरली होती. तिनं एका पानावर लिहिलं की या शाळेला शिक्षिका आहे; ती बाजारात उभी राहते कारण तिच्या जागेवर मी बसले आहे; नमुना पाठात मुलं जे बोलली ते तिनं शिकवलेलं होतं आणि शाबासकी मी घेतली; दुसरी स्वयंसेविका पाठवू नये. खाली सही केली. ‘माझी चूक’ असं कुठे लिहायचं राहिलं का म्हणून पुन्हा वाचून बघितलं, आणि पाकीट बंद केलं.

संस्थेनं शाळेचं नाव यादीतून काढलं. ते कळलं त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत तिच्यासाठी चहा ओतणं थांबलं नाही, पण पियाला काठोकाठ भरून येऊ लागला; लवकर पिऊन उठा, याचा यापेक्षा सभ्य निरोप या शहरात नाही. ती तो भरलेला पियाला रोज शेवटपर्यंत सावकाश प्यायली. आठवीच्या परीक्षा तोंडावर होत्या, वर्गाला बाई नाही आणि येणारही नाही, हे मुकद्दस-ओपांना दिसत होतं. शेवटी शनिवारी, सुनोकच्या अखेरच्या तासानंतर, त्या दारात उभ्या राहून तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “तिला बोलवावं लागेल. पण मी कुठल्या तोंडानं जाऊ?” समारंभ झाला नाही. पुलाव नाही, दस्तरखान नाही. मुलांनी गाणं म्हटलं, मफ्तुना रडली. शिक्षकांच्या खोलीत परतल्यावर आपण इतका वेळ टेबलाच्या त्या टोकाकडे का बघतोय ते सुनोकच्या मग ध्यानात आलं. कोणी तिच्यापुढे नान आणून ठेवेल म्हणून ती थांबली होती. एवढं सगळं माहीत होऊनही थांबली होती. तेव्हा तिनं खुर्ची ओढली, वर चढली, खिळ्यावरून क्लाराचा नान उतरवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळला. खोलीतल्या कोणीही तिला अडवलं नाही.

रविवारी कुयलुकला गर्दी होती. क्लारानं पुडकं उघडून बघितलं आणि पुन्हा झाकलं. दोन गिऱ्हाइकांना गाजर दिलं, एकीला कांद्याची चव कमी वाटली तर तिला चाखायला दिलं. सुनोक कडेला उभी राहून सांगत गेली, घडलं तसं, पत्रासकट. तक्त्याचंही सांगितलं, की तो तेव्हा भिंतीवर नव्हताच, मीच काढला होता, आता लावलाय, पण एक कोपरा उंदरांनी खाल्ला.

“कुठला कोपरा?”

“गाढवाचा.”

“मग बरंच झालं,” क्लारा म्हणाली. नारिंगी हात तिनं फडक्याला पुसले, आणि मग मात्र तिचा आवाज बदलला. “मी सांगितलं होतं तुम्हाला जायला?”

“नाही.”

“मग उपकार मांडू नका माझ्यावर. तिनं नान ठेवला, मी चावला. तुम्ही उठलात, आता मी बसायचं. मला कोणी विचारतच नाही.” तिनं पुडकं उचलून हातावर तोललं. तो नान आता विटेसारखा झाला होता. “सोमवारी येते म्हणावं मुकद्दसला. हे मी इथे नाही खाणार. तिथे खाणार, त्याच टेबलाशी, सगळ्यांच्या समोर, शेवटच्या तुकड्यापर्यंत. आणि तोवर कोणी उठायचं नाही, म्हणावं. दात राहिले तर शिकवीन.”

सुनोक वाकली. तिला अजून काहीतरी हवं होतं आणि ते तोंडावर दिसत असावं, कारण क्लारानं समोरच्या नानवाल्याच्या टोपलीकडे एकदा बघितलं, मग तिच्याकडे.

“तुम्हाला मात्र नान देणार नाही मी चावायला,” ती म्हणाली. “राग मानू नका, बाई. परत यायचं नाही तुम्ही.”

तिनं राग मानला. बाजाराच्या फाटकापर्यंत ती तरातरा चालत गेली, माणसांना धक्के देत, एकाही माणसाची माफी न मागता. एक सबंध आयुष्य लोकांच्या मुलांना शिकवण्यात घातलं, दहा महिने सोडले, प्रमाणपत्र सोडलं, आणि एक घास, एक चावा, तेवढाही कोणी पुढे केला नाही. बस यायला वेळ होता. थांब्याच्या कट्ट्यावर तिनं पिशवी ठेवली. अंगात नुसता राग होता, आणि तो उतरावा असं तिला वाटत नव्हतं, कारण त्यात पहिल्यांदाच कोणी तिला पाहुणी म्हणून सांभाळलं नव्हतं. एका बाईनं तिला तोंडावर जा म्हणून सांगितलं होतं. चौदा महिन्यांत इथे तिच्याशी कोणी इतकं खरं बोललं नव्हतं. थांब्याशेजारच्या तंदूरवाल्याकडून तिनं एक नान घेतला, हाताला चटका बसेल इतका गरम, आणि उभ्याउभ्याच खायला लागली. अर्ध्यात पोट भरलं, तरी ती थांबली नाही. बस आली आणि गेली. काठ खाल्ला, मधली ठसे उठवलेली नक्षी खाल्ली, आणि तळहातावर तीळ आणि चुरा उरला होता तोही तिनं जिभेनं टिपून घेतला.